प्रवाळ जिवंत आहे, पांढरं पडलंय की मेलंय, हे पाण्यात असताना कसं ओळखायचं

स्नॉर्कलिंगला (तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघायला) गेल्यावर बहुतेक लोक मासे बघत बसतात आणि खालच्या प्रवाळाला दगड समजून सोडून देतात. खरं तर बघायचं तेच आहे, आणि एकदा नजर बसली की पाच-दहा मिनिटांत कळतं इथली तब्येत कशी आहे.

आधी एवढं डोक्यात ठेवा की प्रवाळ हा प्राणी आहे. त्यातला एकेक सुटा जीव, म्हणजे पॉलिप, बहुतेक वेळा काही मिलिमीटरचाच, मऊ पिशवीसारखा, तोंडाभोवती बोटांसारखे तंतू, आणि तो बसतो त्या जागी चुन्याचा छोटा पेला बांधतो. पेल्यावर पेले चढत जातात, जुने खाली राहतात, जिवंत असते ती फक्त वरची पातळ कातडी. त्या कातडीत सूक्ष्म शेवाळ राहतं, उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं पॉलिपला देतं, म्हणून तर खडक बांधणाऱ्या प्रवाळाला उथळ आणि स्वच्छ पाणी लागतं. गोल घुमटासारखी जात वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढते, म्हणजे मीटरभर उंचीचा घुमट शंभरेक वर्षांचा असू शकतो, त्यावर पाय टेकवायच्या आधी हे आठवा.

आता बघायचं कसं. स्थिर तरंगा, पायातले फिन्स (पोहायचे वल्हे) तळापासून वर ठेवा, नाहीतर उडालेली वाळू त्या पॉलिपवरच बसते. पहिल्यांदा रंग बघा. तपकिरी, खाकी, हिरवट असे मळके रंग दिसले तर निराश होऊ नका, ते शेवाळाचे रंग आहेत, म्हणजे प्रवाळ बहुतेक ठणठणीत आहे. उलट गरम पाण्याच्या दिवसांत अचानक चमकदार गुलाबी-जांभळा-निळा दिसायला लागला तर काळजी करा, शेवाळ निघून गेल्यावर प्रवाळाचे स्वतःचे चमकणारे रंग असे उघडे पडतात.

पांढरं दिसलं की लगेच मेलं म्हणू नका. हात न लावता जितकं जवळून बघता येईल तितकं बघा. काचेसारखी पातळ कातडी किंवा बारीक तंतू दिसले तर ते जिवंत आहे, फक्त शेवाळ गेलंय, म्हणजे उपाशी आहे. तंतू नाहीत, कातडी नाही, पेल्यांच्या कडा उघड्या आणि धारदार दिसतात, तर ते नुकतंच मेलंय. मग थोड्याच दिवसांत त्यावर बाहेरच्या, वेगळ्या शेवाळाची हिरवट-तपकिरी लव चढते.

आणि सगळंच पांढरं उष्णतेमुळे नसतं हं. फांद्यांची टोकं पांढरी असणं नॉर्मल आहे, तिथे नवी वाढ चालू असते. छोटे छोटे ओरखडे असतील तर पॅरटफिश या माशाचे दात. एखादा मोठा स्वच्छ पांढरा डाग असेल तर आजूबाजूला, खाली काटेरी तारामासा लपलाय का बघा, तो प्रवाळाची कातडी खातो, त्याचे काटे विषारी असतात, लांबूनच बघा. एका बाजूला जिवंत रंग, दुसऱ्या बाजूला लव आणि मधे पांढरा पट्टा, हे बरेचदा रोगाचं लक्षण. पण आजूबाजूच्या वेगवेगळ्या जाती एकदम फिकट पडल्या असतील, त्यातही वरची उन्हाकडची बाजू जास्त, तर कारण बहुतेक तापलेलं पाणी. नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा फक्त १ अंश जास्त, तेही काही आठवडे, एवढंच पुरतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ खडकांवर २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं हे झालं, सावरायला वेळच मिळाला नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये तर चौथं जागतिक ब्लीचिंग (जगभर प्रवाळ असं पांढरं पडणं) जाहीर झालं. त्यात सांडपाणी, गाळ, आणि ही बाहेरची लव चरणारे मासेच पकडून संपवणं, यामुळे सावरणं अजून अवघड होतं.

नोंद नक्की ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच या प्रकल्पाचं रंगाचं कार्ड मिळतं, प्रवाळाचा सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद भाग त्याच्याशी जुळवायचा, सोबत तारीख, खोली आणि पाण्याचं तापमान लिहायचं. सनस्क्रीनमधल्या काही रसायनांनी प्रवाळाला अपाय होईल अशी भीती आहे, म्हणून ते थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहायचा अंगाबरोबरचा शर्ट) घाला, हवाईत ऑक्सिबेन्झोन हे त्यातलंच रसायन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे ती याच काळजीपोटी.

जमलं तर महिना-दोन महिन्यांनी त्याच जागी जाऊन त्याच कोनातून फोटो काढा. पांढऱ्यावर फिकट तपकिरी छटा परत येत असेल तर शेवाळ परततंय, लव चढली असेल तर तेवढा तुकडा गेला.