ब्राझीलचं संगीत विकत घ्यायचंय? मग 'ब्राझिलियन' हा शब्द टाळा

गाणी विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या शोधखिडकीत 'ब्राझिलियन म्युझिक' असं टाईप करू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. समोर आले नारळाची झाडं, सूर्यास्त आणि कॉफीचा कप छापलेले ढीगभर अल्बम. त्यातला एक घेतला. तिसऱ्या गाण्याला कळलं की हॉटेलच्या लॉबीत वाजतं ते हेच. गायिकेचं नाव नाही, वादकांची नाहीत. पैसे पाण्यात.

हेच उलटं करून बघा. साओ पावलोतल्या कुणी 'इंडियन म्युझिक' शोधलं तर त्याच्या पदरात काय पडेल? योगासनांच्या वेळी लावायचे सतारीचे तुकडे. भीमसेन जोशी सापडणार नाहीत, सुलोचना चव्हाणांची लावणी तर नाहीच नाही. ब्राझील क्षेत्रफळाने भारताच्या अडीचपट मोठा. तिथेही दर चार-पाचशे किलोमीटरवर ताल बदलतो, वाद्यं बदलतात. म्हणून शोध देशाच्या नावाने न घेता गावाच्या नावाने घ्यायचा.

मी इथे बँडकँप हे दुकान धरून सांगतोय. तिथे गाणी आधी ऐकता येतात, घेतलेली फाइल कायमची आपली होते आणि डिजिटल विक्रीतून दुकान साधारण 15 टक्के कापून घेतं, बाकीचे बरेचसे पैसे कलावंताकडे किंवा त्याच्या लेबलकडे, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीकडे, जातात. एक उणीव आधीच सांगून ठेवतो: मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचा जुना माल तिथे बहुतेक नसतो. तो हवा असेल तर दुसरं दुकान बघावं लागतं. पण खाली सांगितलेल्या बऱ्याचशा युक्त्या कुठल्याही दुकानात चालतात.

आधी गाव निवडा

रिओ दि जानेरोपासून सुरुवात केली तर तीन दारं उघडतात. पहिलं शोरो: एकोणिसाव्या शतकात रिओत जन्मलेलं वाद्यसंगीत. बासरी, सात तारांची गिटार, कावाकिन्यो नावाचं चार तारांचं चिमुकलं वाद्य आणि पांदेइरो, म्हणजे आपल्या खंजिरीची चुलतबहीण. इथे पिशिंगिन्या या बासरीवादक-संगीतकाराचं नाव शोधा. दुसरं सांबा. 'पेलो तेलेफोने' ही 1917 मधली ध्वनिमुद्रिका सांबाच्या इतिहासात पहिलं पान समजली जाते. सांबातला माझा आवडता माणूस मात्र कार्तोला. आयुष्यभर गाणी रचली, आणि स्वतःच्या आवाजातला पहिला अल्बम निघाला 1974 मध्ये, वयाच्या 65 व्या वर्षी. तिसरं दार बोसा नोव्हा: 1958 मध्ये जुआंव जिल्बेर्तोने कुजबुजल्यासारखं गाऊन आणि गिटारवर सांबाचा ताल उतरवून जे सुरू केलं ते. वर सांगितलेल्या कॉफीच्या कपांनी सगळ्यात जास्त वाटोळं केलंय ते याच प्रकाराचं, त्यामुळे इथे फार जपून.

साल्वादोर, बाहिया राज्याची राजधानी. अटलांटिकपलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचं हे शहर, आणि इथे ढोलाला पहिला मान. 1974 मध्ये सुरू झालेला इले आइये आणि 1979 चा ओलोदुम हे कार्निव्हलचे गट आधी ऐका. आणि एक गट आपल्यासाठी खास. गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, 1949 मध्ये, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी कार्निव्हलसाठी एक मंडळ काढलं आणि नाव ठेवलं 'फिल्योस दे गांधी', गांधीजींची लेकरं. पांढरे कपडे, डोक्याला पांढरा फेटा, आणि वाजवायचा तो इजेशा हा कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्मातून आलेला संथ, डुलवणारा ताल. मंडळ आजही रस्त्यावर उतरतं. शोधताना गांधीचं स्पेलिंग शेवटी आय न लावता वाय लावून करा, नाहीतर हाती काही लागणार नाही.

ईशान्य किनाऱ्यावरच्या रेसीफे शहरात फ्रेव्हो हा कार्निव्हलचा वेगवान प्रकार आणि माराकातू हा ढोलांचा. तिथलीच शिको सायन्स आणि नासांव झुंबी ही मंडळी 1994 च्या आपल्या पहिल्या अल्बमात माराकातूचे ढोल आणि रॉक गिटार एकत्र घेऊन आली.

रेसीफेचा किनारा सोडून आत, कोरड्या ईशान्य भागात गेलं की फोर्रो हे नाचाचं संगीत. अकॉर्डियन, झाबुंबा नावाचा ढोल आणि लोखंडी त्रिकोण, एवढ्या तीनच वाद्यांवर रात्र काढतात. लुईस गोंझागाने हे संगीत साऱ्या देशाला ऐकवलं. याचा खरा हंगाम जूनमध्ये, सांव जुआंवच्या, म्हणजे संत जॉनच्या, सणाला. गोव्याच्या वाचकांना वेगळं सांगायला नको: तोच सांजांव, तीच 24 जून. आपल्याकडे पोरं विहिरीत उड्या मारतात, तिकडे शेकोट्या पेटवून नाचतात.

बेलो ओरिझोंते या शहरासाठी एकच अल्बम सुचवतो. मिल्टन नासिमेंतो आणि लो बोर्जेस यांचा 1972 चा 'क्लुबे दा एस्किना'. बाकीचं तुम्ही आपणहून शोधाल.

ऐकलं तसं लिहू नका

यूट्यूबवर किंवा रेडिओवर नाव ऐकायचं आणि तसंच टाईप करायचं, हे पोर्तुगीजमध्ये जमत नाही. पिशिंगिन्यातला 'श' लिहितात एक्सने आणि 'न्य' लिहितात एनएचने. शोरोतला 'श' मात्र सीएचने. एर्मेतो पास्कोआल या संगीतकाराचं नाव एचपासून सुरू होतं, पण तो एच कुणी उच्चारत नाही. उलट रिओला तिथले लोक जवळजवळ 'हिउ' म्हणतात आणि लिहितात आरने. जुआंवमधला 'आंव' म्हणजे ए-वर नागमोडी रेघ आणि पुढे ओ. ती रेघ कीबोर्डवर नसली तरी बहुतेक दुकानं साधा ए चालवून घेतात.

सगळ्यात महत्त्वाची मेख देशाच्या नावात आहे. इंग्रजीत ब्राझील झेडने, पोर्तुगीजमध्ये एसने. बँडकँपवर संगीताला टॅग लावतात ते कलावंत आणि लेबलं स्वतःच. म्हणून झेडवाला टॅग उघडला की लंडन-न्यूयॉर्कच्या लेबलांचा माल जास्त दिसतो, आणि एसवाला उघडला की खुद्द तिथल्या पोरापोरींनी चढवलेलं संगीत. दोन्ही बघा. त्याला शहराचा टॅग जोडला तर आणखी बरं.

चार-सहा पोर्तुगीज शब्द पाठ करून टाका. दिस्को म्हणजे अल्बम, फाइशा म्हणजे त्यातलं एक गाणं, आव व्हिव्हो म्हणजे प्रत्यक्ष मैफिलीतलं, कोलेतानिया म्हणजे संकलन, लेत्रा म्हणजे गाण्याचे शब्द. फार परकी भाषा नाही ही. साबण, चावी, बटाटा आपण तिच्याकडूनच घेतले. फीतसुद्धा. आपण ध्वनिफीत म्हणत होतो तेव्हा ब्राझीलचे लोकही कॅसेटला फिताच म्हणत होते.

अल्बमचं पान

गाणी सुरू करा आणि खाली मजकूर वाचा. वादकांची नावं आहेत? ध्वनिमुद्रण कुठे झालं ते दिलंय? असेल तर निम्मी काळजी मिटली. पानावर दिसणाऱ्या तारखेवर मात्र विसंबू नका. पुष्कळदा ती पुनर्प्रकाशनाची किंवा अल्बम दुकानात चढवल्याची असते. 1972 चं ध्वनिमुद्रण 2016 च्या तारखेने समोर येतं आणि आपल्याला वाटतं, वा, आजची पोरं किती जुन्या ढंगाने वाजवतात.

मग लेबलचं नाव बघा. 1994 पासून चालणारं लंडनचं फार आउट रेकॉर्डिंग्ज, जुन्या दुर्मीळ तबकड्या पुन्हा काढणारं मिस्टर बोंगो, आणि 'टॉकिंग हेड्स' या अमेरिकी रॉक बँडचा गायक डेव्हिड बर्नने न्यूयॉर्कमध्ये काढलेलं लुआका बॉप. यांचं पान एकदा उघडलंत की संध्याकाळ गेलीच समजा.

लुआका बॉपची एक गोष्ट सांगतो. 1980 च्या दशकात बर्न रिओतल्या एका दुकानात सांबाच्या तबकड्या चाळत होता. नावात सांबा आहे म्हणून त्याने तोम झे या गायकाची 1976 ची एक तबकडी उचलली. मुखपृष्ठावर काटेरी तार. घरी जाऊन लावली तर हा सांबाला उलटापालटा करून बघणारा कुणी भलताच माणूस निघाला. ब्राझीलमध्ये तोम झेला तोवर लोक जवळजवळ विसरले होते. गावी परतून पुतण्याच्या पेट्रोल पंपावर काम करायचं त्याच्या मनात होतं. 1990 मध्ये लुआका बॉपने त्याचं संकलन काढलं आणि त्याची दुसरी खेळी सुरू झाली. चुकीच्या कप्प्यात हात घालणंही कधीकधी फळतं. फक्त त्या कप्प्यात कॉफीचा कप नसावा.

अजून एक जागा आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची. बँडकँपवर अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी चित्रं दिसतात. एखाद्या अनवट अल्बमखालच्या चित्रावर टिचकी मारा, त्या माणसाचा पूर्ण संग्रह उघडतो. पैसे मोजून जमवलेला संग्रह असतो तो, उगाच लाइक केलेली यादी नव्हे. मला माराकातूचे तीन उत्तम अल्बम अशाच एका अनोळखी संग्रहात सापडले.

काही ठरत नसेल तर विशलिस्टमध्ये टाकून पुढे जा. जुन्या काळात कान मुरवायचे असतील तर ब्राझीलच्या मोरेइरा सालेस संस्थेने 78 आरपीएमच्या तबकड्यांचा मोठा साठा इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवलाय. ब्राझीलमध्ये अशा तबकड्या 1902 ते 1964 या काळात निघाल्या. आठवडाभर तिथे ऐका, मग खरेदीला या.

पैसे

किमतीसमोरचं चलन आधी वाचा. लंडनचं लेबल पौंडात सांगतं, आणि आठ पौंड म्हणजे आठ डॉलर नव्हेत. काही कलावंत 'वाटेल ती किंमत द्या' असं ठेवतात. तिथे शून्य टाकलं तरी अल्बम मिळतो, पण निदान एका चहा-वडापावाचे पैसे तरी टाका. भारतीय कार्ड चालत नसेल तर घाबरू नका. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात, ते चालू करा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक वर दोन-तीन टक्के लावते, म्हणजे आठ डॉलरचा अल्बम घेताना तेवढं जास्त धरूनच चला. मार्च 2020 पासून बँडकँप अधूनमधून एखाद्या शुक्रवारी आपला हिस्सा सोडून देतं. मी विशलिस्ट त्या शुक्रवारी रिकामी करतो.

उतरवून घेताना

हे काम शक्यतो कॉम्प्युटरवर करा. फाइल झिप स्वरूपात येते आणि फोनवर ती उघडत बसणं कंटाळवाणं होतं. कुठल्या स्वरूपात हवी ते दुकान विचारतं. 320 केबीपीएसचा (सर्वांत चांगल्या दर्जाचा) एमपी3 मिनिटाला सुमारे 2.4 एमबी खातो, म्हणजे 40 मिनिटांचा अल्बम शंभर एमबीच्या आत बसतो. फ्लॅक त्याच्या दुप्पट-अडीचपट जागा घेतो, पण आवाजातलं काहीही गाळत नाही. मी फ्लॅकच उतरवतो, त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो आणि फोनसाठी त्यातून एमपी3 बनवतो. एमपी3वरून फ्लॅक बनवता येत नाही. म्हणजे बनतो, पण गाळलेलं परत येत नाही.

फोल्डरांची नावं मी गायकांवरून न देता गावांवरून देतो: रिओ, साल्वादोर, रेसीफे, बेलो ओरिझोंते. ॲमेझॉनच्या मुखाशी असलेल्या बेलेमचाही फोल्डर करून ठेवलाय. तिथे गितारादा नावाचा इलेक्ट्रिक गिटारचा प्रकार आहे, कॅरिबियन बेटांवरचे ताल मुरलेला. तो फोल्डर अजून रिकामा आहे, पण विशलिस्टमध्ये चार नावं जमलीत.