पहिला लिव्हिंग क्वार्टर्सवाला हॉर्स ट्रेलर घेताय? या चुका टाळा

लिव्हिंग क्वार्टर्सचा, म्हणजे पुढे राहायची खोली आणि मागे घोड्यांची जागा असलेला ट्रेलर बघायला गेलेली माणसं पुढच्या दाराने आत शिरतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. आत लेदरचा सोफा, मायक्रोवेव्ह, शॉवर, गूसनेकच्या (ट्रकच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या) नाकात चढवलेला क्वीन बेड. "अगं, फ्रीज बघ केवढा!" दहा मिनिटांत मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून होतात. घोड्यांचा भाग मात्र मागच्या दारातून डोकावून, नाक मुरडून बघितला जातो.

टेक्सासात डेंटन काउंटीतल्या आमच्या बार्नवर, म्हणजे घोड्यांच्या तबेल्यावर, दर वसंतात कुणी ना कुणी असा ट्रेलर आणतं आणि मी दर वसंतात तेच ते बोलते. आता लिहूनच टाकते. मी ट्रेलर मागून पुढे बघते. आधी मागचं दार, मग तळ, भिंती, चाकं, हिच (ट्रकला जोडायचा भाग), आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. सोफा आवडला नाही तर तो बदलता येतो. सांगाडा कोण बदलून देणार?

आधी ट्रेलर ठरवायचा आणि मग ट्रककडे बघायचं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. त्यामुळे इथे जरा सविस्तर.

नवखा माणूस पिकअप ट्रकच्या जाहिरातीतला 'टोइंग कपॅसिटी'चा, म्हणजे ओढायच्या क्षमतेचा आकडा पाठ करून येतो. अकरा हजार पौंड, तेरा हजार पौंड. ट्रेलर नऊ हजारांचा, म्हणजे काम झालं! नाही झालं. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून ट्रकवर जास्तीत जास्त किती वजन टाकायचं, ते त्यावर छापलेलं असतं. हा पेलोड. हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या ट्रकमध्ये तो बहुधा दीड ते दोन हजार पौंडांच्या आसपास निघतो, आणि ट्रेलरचं जे वजन हिचवर येतं तेही यातच धरायचं असतं.

आता हिशेब करू. दोन घोड्यांचा, लहान क्वार्टर्सचा बंपर-पुल (ट्रकच्या मागच्या बंपरपाशी जोडायचा) ट्रेलर रिकामा सहा हजार पौंड धरा. घोडे दोन, अकराशे-अकराशेचे. पाण्याची टाकी तीस गॅलनची. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ती अडीचशे. खोगिरं, गवताचे बेल (गठ्ठे), कूलर, कपडे, तांदूळ-डाळ-कुकर (आपली माणसं कुकर नेणारच) मिळून पाचशे. बेरीज नऊ हजारांच्या घरात. बंपर-पुलमध्ये यातलं १० ते १५ टक्के वजन हिचवर यायला हवं. बारा टक्के धरलं तरी हजाराच्या वर गेलं. ट्रकमध्ये चौघांचं कुटुंब बसलं की आणखी सहाशे. वर हिचचं स्वतःचं वजन. १,६५० चा पेलोड इथेच संपला, अजून ट्रकच्या मागे एक बादलीही ठेवलेली नाही. तीन घोड्यांचा गूसनेक असेल तर विचारूच नका. भरलेला चौदा हजारांचा ट्रेलर, त्याचा पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर, म्हणजे अठ्ठावीसशे.

आमच्या बार्नवरच्या एका जोडप्याने हा हिशेब केला नाही. हाफ-टन ट्रक, नवाकोरा बंपर-पुल, आणि पहिलीच सहल पालो ड्युरो कॅन्यनची. आम्ही आमचा ट्रक घेऊन मागोमाग होतो. निघतानाच त्यांच्या ट्रकचा मागचा भाग बसलेला आणि हेडलाइट आकाशाकडे. मी म्हटलं, हे बरं नाही. त्या जोडप्यातले यजमान म्हणाले, "ताई, त्यावर उपाय आहे." त्यांनी पुढे ठेवलेले गवताचे बेल आणि जड पेट्या उचलून मागच्या टॅक रूममध्ये (खोगीर-सामानाच्या खोलीत) नेल्या. ट्रक वर आला. दिसायला सगळं सपाट, सुरेख.

हायवे २८७ वर विचिटा फॉल्सच्या पुढे पॅनहँडलचा वारा आडवा यायला लागला आणि ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी थोडं, मग एका लेनमधून दुसऱ्या लेनपर्यंत. मागून बघताना माझ्या हातापायांना घाम. त्यांनी घाबरून ट्रकचा ब्रेक मारला, तसा ट्रेलर आणखी पिसाळला. माझ्या नवऱ्याने फोनवर ओरडून सांगितलं: ब्रेक सोडा, गॅस सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ब्रेक कंट्रोलरवरची पट्टी बोटाने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. कसेबसे शोल्डरवर थांबले. घोडे घामाने ओलेचिंब होते आणि यजमान त्याहून जास्त.

बैलगाडी उलाळ भरली की जू वर उचललं जातं ना, तेच झालं होतं. वजन मागे गेलं, हिचवरचा दाब कमी झाला आणि ट्रेलर मोकाट सुटला. म्हणजे वजन पुढे ठेवलं तर ट्रक दबतो आणि मागे ठेवलं तर ट्रेलर नाचतो. या दोन्हींच्या मधली जागा त्या ट्रकमध्ये नव्हतीच. पुढच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर गाडी चढवली. तो काटा ट्रकचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून देतो. कागद हातात आल्यावर वादच उरला नाही. पेट्या आणि बेल आमच्या ट्रकमध्ये आले, त्यांच्यासोबतची आणखी दोन माणसंही आमच्याकडे आली, आणि उरलेला रस्ता आम्ही ताशी पन्नास मैलांच्या वर न जाता काढला. महिन्याभरात त्यांनी त्याहून दणकट थ्री-क्वार्टर-टन ट्रक घेतला. दोनदा खर्च.

इथे कुणीतरी एअरबॅगचं काढतंच. मागच्या स्प्रिंगला हवेच्या पिशव्या लावल्या की ट्रक बसत नाही, असं डीलरही सांगतो. ट्रक सरळ *दिसतो*, एवढंच. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा पिशव्यांनी एका पौंडानेही वाढत नाही. वजन पुढच्या-मागच्या आसांवर वाटून देणाऱ्या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचंही तेच. वस्तू चांगली आहे, पण ती लहान ट्रकला मोठा करत नाही. शॉर्टकट शोधणाऱ्यांना हे सांगून माझा घसा बसला आहे.

माझी सवय अशी: ट्रेलर बघायला जाण्याआधी ट्रकच्या स्टिकरचा फोटो फोनमध्ये असतो. ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागात त्याची पाटी असते, तिच्यावरचा जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त चालणारं वजन) वाचते आणि हिशेब त्या आकड्यावर करते, 'रिकामा किती' यावर नाही. रिकामा ट्रेलर घेऊन कोण कॅम्पिंगला जातं?

आणि मागे दोन-दोन चाकांचा मोठा ड्युअली ट्रक घेऊन प्रश्न संपला असं समजू नका. टेक्सासमध्ये ट्रक-ट्रेलरची मिळून क्षमता २६,००१ पौंड किंवा जास्त, आणि ट्रेलरची एकट्याची १०,००० च्या वर असेल, तर घरगुती वापरालाही क्लास ए परवाना लागतो.

मॅट न उचलता पैसे देणं

रबरी मॅटखाली काय चाललंय ते घोड्याला कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो. लघवी मॅटखाली मुरते. लाकडी फळ्या कुजतात, स्टीलच्या आडव्या पट्ट्या गंजतात. "आमचा ॲल्युमिनियमचा आहे, त्याला काही होत नाही" हेही खोटं. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, पण लघवी साचून राहिली की त्याला खड्डे पडतात, पांढरी भुकटी सुटते आणि पत्रा पातळ होत जातो.

एका मैत्रिणीसाठी जुना ट्रेलर बघायला गेले होते. आत नवी टाइल, नवं फर्निचर, मैत्रीण हरखलेली. मी मॅट उचला म्हटल्यावर विकणारा म्हणाला, "खूप जड आहेत हो, कशाला त्रास." जड असतातच. म्हणून तर दोघींनी जायचं आणि हातमोजे न्यायचे. मधला मॅट उचलला, स्क्रूड्रायव्हर फळीवर टेकवून दाबला, तर तो दांड्यापर्यंत आत गेला. वरून मॅट छान सपाट. त्या फळीवर अकराशे पौंडांचा घोडा उभा राहणार होता, आणि खाली पासष्टच्या वेगाने पळणारा डांबरी रस्ता. मैत्रिणीला अजूनही त्या टाइलची हळहळ वाटते. असू दे.

तर मॅट सगळे उचलायचे, फक्त दारातला नाही. प्रत्येक फळी दोन्ही टोकांना टोचायची. मग जमिनीवर चादर अंथरून ट्रेलरखाली आडवं व्हायचं आणि टॉर्च मारून आडव्या पट्ट्या बघायच्या. विकणारा 'नको' म्हणाला तर चहा पिऊन घरी. ट्रेलर आपला झाल्यावरही मॅट अधूनमधून बाहेर काढून तळ धुवायचा आणि कडकडीत वाळवायचा. टेक्सासच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग.

बाकीच्या, थोडक्यात

घोडा न नेता ट्रेलर घेणं. मागच्या कोपऱ्यात टॅक रूम असली की चढायचं दार अरुंद होतं आणि काही घोडे तिथेच पाय रोवतात. टॅक रूम दुमडून भिंतीला लागणारी असेल तर उत्तम. उंची सात फूट आहे की साडेसात, हेही घोड्याला उभं करूनच कळतं.

टायरची नक्षी बघून खूश होणं. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूला DOT या अक्षरांपुढे शेवटचे चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नव्या टायरांचे पैसे किमतीतून कापून मागा. आतल्या बाजूचे आकडे वाचायला वाकावं लागतं, वाका.

जुन्या ट्रेलरचं प्लंबिंग कोरडंच तपासणं. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत टेक्सासात घरांचेही पाइप फुटले, मग बाहेर उभ्या ट्रेलरचं काय झालं असेल! टाकी भरायला लावा, पंप सुरू करा, सगळे नळ बंद करा. पंप थांबला पाहिजे. थोड्या वेळाने तो आपोआप पुन्हा गुरगुरला तर कुठेतरी गळतंय.

छतावर न चढणं. एसी आणि झरोक्यांभोवतीचं सीलंट तडकलेलं असेल तर आतल्या कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांत डाग शोधा. ताजं वॉलपेपर दिसलं की मला आधी संशय येतो.

स्लाइड-आउटचा, म्हणजे बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाचा मोह. जागा मिळते, वजन वाढतं, आणि बिघडायला आणखी एक मोटर. मी घेत नाही.

वॉरंटी एकच समजणं. बऱ्याच ट्रेलरचा सांगाडा एका कंपनीचा आणि आतलं घर दुसऱ्या कन्व्हर्जनवाल्यांचं असतं. कुठला कागद कुणाचा, हे सही करण्याआधी विचारा.

मुक्कामाच्या जागी सगळं मिळेल, हा समज. बँडेराजवळच्या हिल कंट्री स्टेट नॅचरल एरियात घोड्यांसकट मुक्काम करता येतो, पण पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं असतं. सोफ्याच्या आधी टाकीचं माप विचारा. जनरेटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का ते बटण दाबून बघा. बंद पडलेला अलार्म भिंतीवर तसाच लटकलेला मी पाहिला आहे.

नेहमीच्या रोडसाइड असिस्टन्सवर भरवसा. त्यातले पुष्कळजण ट्रक ओढून नेतील, घोड्यांना हात लावणार नाहीत. घोडेवाल्यांसाठी यूएसरायडरसारखी वेगळी सेवा असते.

आणि एचओए, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे नियम. डॅलसच्या उपनगरांतल्या, फ्रिस्को-प्लेनोकडच्या सोसायट्यांत तीस फुटी ट्रेलर ड्राइव्हवेत ठेवू देतील या आशेवर कुणी राहू नका. आधी नियम वाचा, मग बार्नवर किंवा स्टोरेज लॉटमध्ये जागा आणि तिचं भाडं पक्कं करा, आणि त्यानंतरच डीलरला फोन. तिथला वळणाचा रस्ताही बघून या. नव्या माणसाला ट्रेलर पुढे ओढता येतो, अरुंद फाटकातून उलटा घालता येत नाही, आणि लॉटवाले फाटक संध्याकाळी बंद करतात.