भिंगरीला घेऊन रानात जायचं तर

या यादीतली पहिली गोष्ट पिशवीत भरायची नाही, ती ठरवायची आहे. कुत्र्याला कुठं न्यायचं नाही, हे आधी ठरवा. कोल्हापुरातून सुट्टीला निघताना दाजीपूर, राधानगरी आणि चांदोली ही नावं हटकून पुढं येतात. कुत्रं सोबत असेल तर तीनही नावं बाजूला ठेवा. राधानगरी हे १९५८ साली जाहीर झालेलं गव्यांचं अभयारण्य आहे आणि दाजीपूर त्यातच येतं. चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. या जंगलांत पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही. "आमचं कुत्रं शांत आहे, गाडीतून खाली उतरणार नाही," अशी विनवणी गेटवर करू नका. आम्ही एकदा केली होती. आमची कुत्री भिंगरी तेव्हा वर्षाची होती. गेटवरच्या वनरक्षकानं आवाज न चढवता नाही म्हटलं. मग घरचे आत जाऊन गवे बघून आले आणि मी तिला घेऊन दुपारपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहिलो.

तिथं त्या वनरक्षकाशी बोलताना मला जे उमगलं, ते मी आता कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. प्रश्न फक्त भुंकण्याचा किंवा हरणामागं धावण्याचा नाही. कुत्र्याच्या लाळेतून, लघवीतून आणि शीतून डिस्टेम्पर, पार्व्हो, रेबीज यांसारखे रोग जंगलात जाऊ शकतात. आपल्या लस टोचलेल्या कुत्र्याला काही होत नाही, पण रानातल्या कोळसुंद्यांना, म्हणजे रानकुत्र्यांना, लस कोण टोचणार? २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये थोड्या दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यातल्या काहींमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेम्परचा विषाणू असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत आढळलं. राधानगरी-चांदोलीच्या रानात कोळसुंदे आहेत, बिबटे आहेत. त्यांच्या घरात आपण आजार नेऊन ठेवायचा नाही. म्हणून अभयारण्य बघायचं असेल त्या दिवशी कुत्र्याला शेजारी, भावाकडं किंवा ओळखीच्या माणसाकडं ठेवा. त्याची खाण्याची वेळ, औषध आणि डॉक्टरचा नंबर कागदावर लिहून द्या. गाडीत कोंडून आत जाण्याचा विचारही नको. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं आणि काच बोटभर उघडी ठेवली तरी फारसा फरक पडत नाही.

मग न्यायचं कुठं? रोजच्या सरावाला रंकाळ्याचा काठ किंवा कळंब्याकडचा रस्ता पहाटे पुरेसा आहे. मोकळ्या माळासाठी मला मसाई पठार आवडतं, आणि पन्हाळ्याचे गावाबाहेरचे रस्ते. जोतिबाला रविवारी किंवा चैत्रात कुत्र्याला नेणं म्हणजे त्या मुक्या जिवाचा छळ आहे. पन्हाळ्यावरसुद्धा कोठ्यांच्या आत आणि देवळांत मी भिंगरीला नेत नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड हे परिसर आता संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथं गावं आहेत, रस्ते आहेत, माणसांची ये-जा आहे, आणि गवे व बिबटेही आहेत. डांबरी रस्ता सोडून आत जायचं असेल तर आधी तिथल्या वनकर्मचाऱ्याला किंवा निदान गावातल्या माणसाला विचारा. आजरा-चंदगड भागात हत्ती फिरत असल्याची खबर असेल तर त्या आठवड्यात कुत्रं घेऊन तिकडं फिरकूच नका. भुंकणाऱ्या कुत्र्यानं हत्ती बिथरतो.

जायचं त्याच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. रेबीजची लस दरवर्षीची आहे, ती चुकलेली असेल तर आधी ती. डिस्टेम्पर-पार्व्होच्या लशीत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा) भाग आहे का, हे मुद्दाम विचारा. आपल्याकडं पावसात साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या लघवीवाटे लेप्टो पसरतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. लेप्टोची लस पहिल्यांदाच देत असाल तर काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणून महिनाभर आधी म्हणतोय. जंताचं औषध द्यायचं राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत उरकून घ्या. गोचिडांसाठी गोळी द्यायची की मानेवर टाकायचं औषध, हे डॉक्टर वजन बघून ठरवतील. मानेवरचं औषध निघायच्या दोन दिवस आधी टाका आणि त्याच्या दोन दिवस आधी व नंतर आंघोळ घालू नका. घरात मांजर असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण कुत्र्याची काही औषधं मांजराला विषासारखी असतात.

आता पट्टा. मला या सगळ्या यादीतून एकच गोष्ट ठेवायला सांगितली तर मी हीच ठेवीन. चालताना पाच-सहा फुटांचा मजबूत दोर, छातीवरून बसणारा हार्नेस आणि गळ्यात वेगळा पट्टा, त्यावर तुमचा फोन नंबर कोरलेली पत्र्याची चकती. बटण दाबून लांब होणारा दोर रानात आणू नका. तो झुडपात अडकतो आणि कुत्र्यानं झटका दिला की हातातून सुटतो. "आमचं हाक मारली की येतं" असं मीही म्हणायचो. मसाई पठारावर एका सकाळी मी भिंगरीला सोडलं. पुढच्या उतारावर धनगराच्या म्हशी चरत होत्या. ती खेळायला म्हणून त्यांच्याकडं धावली आणि म्हशी पळायच्या ऐवजी गोळा झाल्या, डोकी खाली घालून उभ्या राहिल्या. म्हातारा धनगर ओरडला, "धर की तुझं कुत्रं! रेडकू हाय म्हशीला, चिरडंल त्येला!" मी हाका मारत राहिलो, तिला ऐकूच आलं नाही. एका म्हशीनं मुसंडी मारली. भिंगरी थोडक्यात वाचली आणि थेट माझ्या पायांत येऊन शिरली, पाठोपाठ म्हैस. धनगरानं काठी आपटून म्हशीला वळवलं नसतं तर पुढचं लिहायला मी बसलो नसतो. घाबरलेलं कुत्रं मालकाकडंच पळत येतं आणि मागचं जनावर सोबत आणतं. म्हशीच्या जागी गवा असता तर? गवे आता पन्हाळ्याच्या उसातही उतरतात. त्या दिवसापासून रानात दोर माझ्या मनगटाला अडकवलेला असतो.

दिवस निवडताना मी उन्हापेक्षा गवताकडं बघतो. पावसाळा संपल्यावर पठारं देखणी दिसतात, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा कुसळांचा काळ. कुसळ कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात शिरतं, पुढं पुढं सरकत जातं आणि त्याची उलट्या काट्यांसारखी लव त्याला माघारी येऊ देत नाही. भिंगरीच्या पुढच्या पंजात असंच एक रुतलं होतं. आम्हाला वाटलं पाय मुरगळला असेल. आठवड्यानं गळू झालं, चिरून काढावं लागलं आणि आतून निघालं ते नखाएवढं कुसळ. कानात गेलं तर कुत्रं डोकं एका बाजूला झुकवून सारखं झटकतं. तसं दिसलं तर घरी कोरत बसू नका, दवाखाना गाठा. केस लांब असतील तर निघण्याआधी पंजाचे आणि कानाचे केस कापून घ्या.

पावसाळ्यात गगनबावड्याकडं किंवा बर्कीकडं गेलात तर जळवा आहेतच. कातडीवरची जळू नखानं कडेकडेनं सरकवून सोडवा, ओढून तोडू नका. नाकात गेलेली जळू हा डॉक्टरांचा विषय. एका नाकपुडीतून थेंब थेंब रक्त आणि सारखं शिंकणं, ही तिची खूण. धबधब्याच्या गर्दीत कुत्र्याला नेऊच नका. उन्हाळा तर मी पूर्ण वर्ज्य धरतो. पठारावरचा जांभा तापला की तव्यासारखा होतो. हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवता आली नाही तर त्यावर पंजा टेकवायला लावू नका. माझ्या अनुभवात जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी उत्तम. कुसळं गळून गेलेली असतात आणि सकाळी दहापर्यंत हवा गार असते. फक्त तेव्हा ऊसतोड जोरात असते आणि फड मोकळे होताना बिबट्याचा वावर बदलतो. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे, म्हणून उसाच्या बांधावरून चालू नका आणि दिवस मावळायच्या आत गाडीत बसा.

पिशवीत पाणी सगळ्यात जास्त. कुत्र्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, चालण्याच्या दिवशी दुप्पट धरा. वीस किलोच्या कुत्र्याला दोन-अडीच लिटर लागेल आणि ते घरूनच न्या, डबक्यातलं पिऊ देऊ नका. पसरट भांडं, रोजचंच खाणं, विष्ठा उचलायला पिशव्या, एक जुनी चादर. चादर अंथरायला आणि वेळ आली तर चौघांनी धरून कुत्र्याला उचलून आणायला. प्रथमोपचाराच्या डब्यात कापूस, गॉज, पट्ट्या, सलाईनची बाटली, बीटाडिन, बारीक चिमटा आणि तोंड बांधायला सुती पट्टी. दुखत असताना गरीब कुत्रंही चावतं. पण ओकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड कधी बांधू नका. माणसाच्या दुखण्या-तापाच्या गोळ्या त्या डब्यात नकोतच. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

खाण्याबद्दल कोल्हापूरकरांना मला कळकळीनं सांगायचंय. पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाताना किंवा डब्यातला रस्सा उघडल्यावर कुत्रं तोंडाकडं बघत बसतं आणि आपला हात सुटतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, मग तो झुणक्यातला असो की तांबड्या रश्शातला. शिजलेल्या मटणाचं हाड चिरफळून घशात किंवा आतड्यात रुततं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट हेही नाही. वाटेत गुऱ्हाळावर थांबलात तर कुत्र्याला काहिलीपासून लांब बांधा. उकळत्या रसाचा वास त्याला ओढून नेतो. शेताच्या कडेला पडलेलं काहीही त्याला हुंगू देऊ नका, तोंडात तर मुळीच घेऊ देऊ नका. उंदरांसाठी विष ठेवलेलं असतं आणि रानडुकरांसाठी लपवलेल्या स्फोटक गोळ्यांनी कुत्र्यांचे जबडे फाटले आहेत.

घाटाचा रस्ता असेल तर निघायच्या तीन तास आधी पोट भरून खायला घालू नका. गाडीत मागच्या सीटवर हार्नेसला पट्टा अडकवा. स्कूटरच्या पायाशी बसवून पन्हाळ्याचा चढ चढणारे मी पाहिले आहेत. एका वळणावर कुत्र्यानं उडी मारली तर दोघांचं काय होईल, याचा विचार करा.

निघण्याआधी दोन नंबर फोनमध्ये टाका. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा आणि १९२६ वनविभागाचा. शिवाय वाटेतल्या तालुक्याच्या गावी कोणता पशुवैद्यकीय दवाखाना आहे आणि तिथं सर्पदंशाची लस मिळते का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. फुरसं, घोणस, नाग, मण्यार हे चारही आपल्याकडं आहेत आणि कुत्रं नाक पुढं करून जातं, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. दंश झाल्यास चिरू नका, आवळून बांधू नका, चालवू नका. उचलून न्या. उन्हाचा झटका ओळखायला सोपा आहे. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, पाय लटपटतात. कुत्र्याचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की वेळ दवडू नका. सावलीत घ्या, पोट, काखा आणि जांघांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसंच दवाखान्याकडं निघा.

घरी परतल्यावर अंघोळीआधी उजेडात बसवून पूर्ण अंग चाचपा. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचीड सापडला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावणं, काडीनं चटका देणं हे करू नका. गोचीड सापडलेली तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढचे तीन आठवडे खाणं कमी झालं, ताप आला, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर ती तारीख डॉक्टरांना सांगा. गोचीडतापाची रक्ततपासणी करायची की नाही, हे ठरवायला ती उपयोगी पडते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर भिंगरीच्या नावापुढं अशा चार तारखा आहेत, आणि त्यातल्या एकीमुळं तिचा ताप दुसऱ्याच दिवशी सापडला.