कॅम्परमधला कचरा आणि मे महिना

आमच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर केला. बेड, ओटा, सिंक सगळं बसलं, कचऱ्याच्या डब्याला मात्र जागा उरेना. त्यात बेत वेरूळ, पैठण, औंढा नागनाथ असा, तोही ऐन उन्हाळ्यात. बंद गाडीत कांद्याची सालंसुद्धा दुपारपर्यंत नको करतात.

वासाचं मूळ पाण्यात आहे. म्हणून चहाचा चोथा गाळणीत पूर्ण निथळू देतो. सालं वर्तमानपत्रावर पसरून सुकवायची, त्याच कागदाची पुडी करायची आणि रबरी रिंगच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकायची. तळाला लाकडाचा भुसा. तो ओल शोषतो आणि सुतार फुकट देतो. कलिंगडाची सालं मात्र डब्यात घालूच नका, एका फळातच तो भरतो. आम्ही वाटेतल्या शेतवस्तीवर विचारून म्हशीपुढे टाकतो.

सुक्याचं सोपं आहे. बाटली चेपायची आणि चेपलेली असतानाच झाकण घट्ट लावायचं, मग ती परत फुगत नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायच्या. सुक्याची पिशवी मागच्या दाराला आतून टांगलीय. बाहेर नको, वेरूळला माकडं आहेत.

डायपर कागदात घट्ट गुंडाळून. २०१६च्या घनकचरा नियमांतही तसंच सांगितलं होतं.

ढाबेवाले म्हणतात, "मागं टाका की, रातीला पेटवून देतो." तिथं देत नाही. पुढच्या गावात सकाळी घंटागाडी गाठतो.