शहरातली खाडी सावरताना या चुका टाळा

गोव्याच्या पणजी शहरातली, ताळगावच्या शेतांकडून येऊन कांपालला मांडवी नदीला मिळणारी सांतइनेज खाडी घ्या, नाहीतर मळ्याकडची ओरेम खाडी. दोन्ही जगतात त्या भरती-ओहोटीवर. पाणी घाण असतानाच काठ सजवायला घेतला की काम फसते, आणि पैसा पुन्हा मिळत नाही.

सांडपाणी न शोधता गाळ उपसणे

उपसलेली खाडी महिना-दोन महिने मोकळी दिसते, मग काळी साय परत येते. म्हणून फेब्रुवारी ते मे या काळात अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला आधी काठाने चालत जा. पाऊस नसताना पडणारी प्रत्येक धार संशयास्पद समजा. झरीचे पाणी नितळ असते, त्याला वास नसतो; साबणाचा फेस किंवा राखाडी बुरशी दिसली तर ते सांडपाणीच. धारेला क्रमांक द्या, फोटो काढा. मग पालिकेला सोबत घेऊन संशयित इमारतीच्या संडासात फ्लुओरेसिनचा हिरवा रंग सोडा आणि तो कुठे बाहेर पडतो ते बघा.

विरघळलेला प्राणवायू दुपारी मोजू नका. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, आकडा छान येतो, आणि पहाटे मासे गुदमरतात. मोजणी सूर्योदयापूर्वी करा. 4 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली गेला तर मासळीला धोका आहे.

मानस आणि मोरी विसरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मानस म्हणजे शेताच्या बांधातले पाण्याचे दार. मानशीचे दार भरतीला आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. त्यात फांदी किंवा प्लास्टिक अडकून दार मिटलेलेच राहिले तर आत पाणी तुंबते, डास होतात. उघडे राहिले तर खारे पाणी शेतात शिरते. दर पंधरवड्याला, मोठ्या भरतीच्या आधी, दारे हाताने हलवून बघा.

रस्त्याखालची मोरी अरुंद आहे का, हेही तपासता येते. दोन्ही बाजूंना एकाच पातळीवर खुणा केलेली काठी रोवा आणि एका पूर्ण भरती-ओहोटीत, म्हणजे साधारण साडेबारा तास, दर अर्ध्या तासाला पाण्याची उंची लिहा. आतली भरती बरीच कमी किंवा उशिरा येत असेल तर मोरी मोठी केल्याशिवाय पुढची कांदळवनाची (भरतीच्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची) लागवड फुकट जाईल.

उपसलेला गाळ काठावर ओतला तर पहिल्या पावसात तो परत खाडीत येतो. शिवाय खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या जमिनीच्या, मातीत गंधकाची संयुगे असतात. हवा लागली की आम्ल तयार होते. मूठभर गाळ ओलसर ठेवून 8 आठवड्यांनी पीएच पट्टीने तपासा. 4 किंवा त्याहून कमी आला, वर गंजासारखे पिवळे डाग दिसले, तर तो गाळ बागेत अजिबात वापरू नका.

रोपे मरतात ती का?

बहुतेक वेळा जागा फार खोल असते. शेजारी तिवर (कांदळवनातले एक झाड) आपोआप कुठे वाढला आहे ते बघा आणि तीच उंची गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने आपल्या जागेवर आणा. कांदळ या दुसऱ्या खारफुटी झाडाच्या लांब शेंगेचा एक तृतीयांश भाग चिखलात रोवा, अंतर 1 ते दीड मीटर. बिया आपसूक येऊन रुजत असतील तर एक पावसाळा थांबा, लागवडच नको. उघडी चिखलवट तशीच राहू द्या. पाणपक्षी तिथेच चरतात.

वरच्या काठावर सप्टेंबरात लावलेले कोणतेही झाड छान दिसते, कारण तेव्हा पाणी गोडे असते. मे महिन्यात मांडवीच्या मुखाशी पाणी जवळपास समुद्राइतके खारट होते आणि पाने कडेने करपतात. उंडी, भेंड, करंज लावा.

उभी काँक्रीट भिंत बांधली की निवटी (चिखलावर सरपटणारे मासे) आणि खेकड्यांना चढायला जागा राहत नाही. 1:3 चा उतार, पायथ्याशी काथ्याचे रोल, एवढे पुरेसे असते. कांदळवन सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) 1-अ गटात येते, म्हणून फळ्यांच्या वाटेचा एक खांबही परवानगीशिवाय रोवू नका. फळ्यांत फटी ठेवा, खाली उजेड जायला हवा. दिवे कमी उंचीचे, पिवळसर, पाण्याकडे पाठ केलेले असावेत.

शाळेची सहल बसच्या वेळेवर ठरवू नका. भरतीचे कोष्टक बघून ओहोटीच्या तळाआधी तासभर मुलांना काठावर आणा आणि पाच मिनिटे गप्प उभे करा: पावलांच्या हादऱ्याने बिळात गेलेले खेकडे तेवढ्यात परत बाहेर येतात.