अस्वलाच्या स्लाव्ह नावाची व्युत्पत्ती सांगताना या चुका टाळा

रशियन भाषेत अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात हे कळताच मराठी वाचकाला त्यात ‘मधु’ आणि ‘विद्’ दिसू लागतात आणि ‘मध कुठे आहे हे जाणणारा’ असा अर्थ लावून तो मोकळा होतो. सर्वाधिक आढळणारी चूक हीच असून ती रशियन भाषकांमध्येही रुजलेली आहे. वस्तुतः *मेद्वेदि या आद्यस्लाव्ह (रशियन, पोलिश आदी स्लाव्ह भाषांच्या समान पूर्वज भाषेतील) समासाचे दुसरे पद ‘खाणे’ या अर्थाचे, म्हणजे संस्कृत ‘अद्’ धातूचे सगोत्र (एकाच मुळातून आलेले) आहे, आणि मधला ‘व’ पहिल्या पदाच्या अंत्य ‘उ’पासून आला आहे. यण् संधी शिकलेल्याला हे लगेच पटावे: मधु + अद् = मध्वद्. हा शब्द ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४व्या सूक्तात मध खाणाऱ्या पक्ष्यांसाठी प्रत्यक्ष आलेला आहे. दुसरे पद ‘जाणणे’ असते, तर मध्ये जोडस्वर येऊन *मेदोवेदि यासारखे रूप अपेक्षित होते.

मात्र एवढ्यावरून स्लाव्ह शब्द संस्कृतातून गेला, असे म्हणू नये. दोन्ही भाषांना ही पदे आद्य इंडो-युरोपीय या समान पूर्वज भाषेकडून स्वतंत्रपणे मिळाली. अस्वलाचे त्या भाषेतील मूळ नाव संस्कृतात ‘ऋक्ष’, ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’ आणि लॅटिनमध्ये ‘उर्सुस’ या रूपांत टिकले, पण स्लाव्ह भाषांतून ते नाहीसे झाले. आपल्याकडे रात्री सापाचे नाव न घेता ‘जनावर’ म्हणतात, तशाच भीतीतून ‘मध खाणारा’ हे नाव आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

लेखी पुरावा नसलेल्या रूपाआधीचे ताराचिन्ह (*) गाळणे ही चूक लहान वाटते, पण तिने वाचकाची दिशाभूल होते. सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रसारक बंधू ८६३ मध्ये मध्य युरोपातील मोराव्हियाला गेले, त्या सुमारास स्लाव्ह लेखनाला सुरुवात झाली. *मेद्वेदि हे त्याआधीचे, वंशज भाषांच्या तुलनेतून पुन्हा उभे केलेले रूप आहे.

वंशज ओळखताना केवळ कानावर विसंबू नये. युक्रेनियन ‘वेद्मिद’ वेगळ्या धातूचा नाही, त्यात ‘म’ आणि ‘व’ यांची अदलाबदल झाली आहे. पोलिश ‘न्येज्व्येच’मध्ये आरंभीच्या ‘म’चा ‘न’ झाला, तरी तो याच घराण्यातला. उलट हंगेरियन ‘मेद्वे’ हुबेहूब जुळतो, पण हंगेरियन ही इंडो-युरोपीय भाषाच नसल्याने तो शब्द शेजारच्या स्लाव्हांकडून उसना घेतलेला आहे आणि त्याची नोंद वंशजांत न करता उसनवारीखालीच करावी.