कुवेतच्या तेलक्षेत्रात नोकरीला येणाऱ्यांसाठी

२०१३ साली मी कुवेतमधल्या अहमदी या गावातल्या एका ठेकेदार कंपनीत कॉन्ट्रॅक्ट विभागात रुजू झालो. सोलापुरात बांधकामाची बिलं काढायचो, तेवढीच शिदोरी. पहिलं वर्ष छान गेलं. मग २०१४च्या मध्यापर्यंत पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६च्या जानेवारीत तिसाच्याही खाली आलं. आमच्या कंपनीने पगार दोन-दोन महिने लांबवले आणि माझ्याबरोबर आलेले तिघं परत गेले. तोवर तेलाचा भाव ही बातम्यांतली गोष्ट वाटायची. सरकारचं बहुतांश उत्पन्न तेलाचं असलेल्या देशात तो थेट आपल्या पगारापर्यंत पोचतो, हे तेव्हा कळलं.

कॉन्ट्रॅक्टमध्ये काम करायचं असेल तर या देशाने कंपन्यांशी केलेली घासाघीस नीट वाचा. १९३०च्या सुमारास कुवेत मोत्यांवर आणि गलबतांच्या व्यापारावर जगत होतं. ही गलबतं मुंबईपर्यंत येत, आणि चलन होतं आपला रुपया. जपानच्या संवर्धित मोत्यांनी तो धंदा बसवला. कुवेतचे शासक शेख अहमद अल जाबर यांचा हात तेव्हा तंग होता, तरी त्यांनी घाई केली नाही. ब्रिटिशांची अँग्लो-पर्शियन आणि अमेरिकेची गल्फ ऑइल या तेल कंपन्या मक्त्यासाठी एकमेकींवर चढाओढ करत होत्या, तोवर त्यांचं पारडं जड होतं. मग दोघींनी निम्मी-निम्मी भागीदारी करून कुवेत ऑइल कंपनी काढली आणि समोर एकच गिऱ्हाईक उरलं. २३ डिसेंबर १९३४ला सही झाली. शेखांना सहीचे ४,७५,००० रुपये आणि तेलाच्या टनामागे ३ रुपये, कंपनीला ७५ वर्षांचा मक्ता. टनामागे ३ रुपये! हा आकडा वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो होतो.

१९३८मध्ये बुरगानला तेल लागलं. युद्धामुळे पहिलं जहाज निघायला १९४६ उजाडलं. सौदीला तेलाचा निम्मा नफा मिळाल्यावर १९५१मध्ये कुवेतनेही तो मिळवला. १९७४ला सरकारने कंपनीचा ६० टक्के हिस्सा घेतला, १९७५ला सगळी कंपनी. ७५ वर्षांचा मक्ता ४१ वर्षांत संपला.

त्याआधीच, १९६२च्या राज्यघटनेच्या १५२व्या कलमाने, कायदा केल्याशिवाय आणि ठरावीक मुदतीशिवाय नैसर्गिक संपत्तीचा मक्ता देता येणार नाही असं ठरवलं होतं. म्हणून बाहेरच्या कंपन्या इथे मुख्यतः सेवा विकतात, आणि आपली नोकरी अशाच एखाद्या ठरावीक मुदतीच्या कंत्राटाला बांधलेली असते.

मुलाखतीत पगाराआधी विचारा: कुठल्या कंत्राटावर घेताय, ते कधी संपतंय, मुदतवाढीची तरतूद आहे का? मी हे विचारलं नव्हतं. कंत्राटाची चौदा महिन्यांची मुदत उरली असताना घरासाठी कर्ज काढून बसलो. इथलं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च असतं. ते सुरू होण्याच्या सुमारास सरकारच्या अंदाजपत्रकात तेलाचा भाव काय धरलाय ते बघा. नोकरी सोडताना मिळणारी रक्कमही आधी मोजून ठेवा: मासिक पगार असेल तर पहिल्या पाच वर्षांत वर्षाला १५ दिवसांचा पगार, पुढे वर्षाला एक महिन्याचा. राजीनामा लवकर दिला तर ती कमी होते. माझ्याबरोबरच्या तिघांपैकी दोघांना हे विमानाचं तिकीट काढल्यावर समजलं.